हाकारा

सकाळी सहाला रंकाळा धुक्यात होता.
सर्जेरावनं व्हॅन काढली, मी मागं डबे ठेवले,
चपात्या, गवारीची भाजी, दह्यात कालवलेली चटणी.
परित्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या पुढं पुढं,
एकीलाही मागचा दिवा नाही.
भोगावती कधी डावीकडं, कधी उजवीकडं.

राधानगरीच्या वर, जिथं रेंज सुटते,
तिथं शिकारबंगला. जांभा दगड, मंगलोरी कौलं,
व्हरांड्याला बिडाचे खांब.
तिकीट वीस रुपये, कॅमेऱ्याचे पन्नास.
"कॅमेरा न्हाई," सर्जेराव म्हणाला
आणि मोबाइल खिशात आणखी खाली ढकलला.

दाखवायला धाकलू झोरे,
अंगात वनखात्याचा शर्ट, पायात करकरणारं पायताण.
"ही सायबाची न्हाणी. हा बाईसाहेबांचा पियानो,
उंदरांनी आतनं खाल्लाय, बोट लावू नका."
भिंतीवर गव्यांची नऊ मुंडकी, डोळे काचेचे.
एकाचा डोळा गळून पडलाय,
खोबणीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलंय.
त्याच्याकडं मी जास्त वेळ बघत राहिले.

मग तो फोटो.
मेलेला गवा, त्याच्यावर बुटाचा पाय,
खाली शाईनं डावीकडून उजवीकडं पाहुण्यांची नावं.
कुत्र्याचंसुद्धा नाव आहे: ब्राउनी.
आणि डाव्या कडेला, फोटो जिथं संपतो तिथं,
अर्धा रॉकेलचा डबा
आणि चार बोटं. अंगठ्याला चिंधी.

आईचा बाप, दौलू, हाकाऱ्यात जायचा.
सहा आणे रोज, दुपारी गूळ आणि शेंगा.
म्हणायचा, "आम्ही बंदूक बघितलीच न्हाई.
आम्ही नुसता आवाज.
डोंगराच्या ह्या अंगापास्नं त्या अंगापतोर
आवाजाची भित, आन् ती भित पुढं सरकायची."

एकदा कारवीत, हाताच्या अंतरावर,
गव्याची मादी. पोटाला चिकटून वासरू.
आज्जाचा हात थांबला.
"किती वेळ?" आम्ही दर वेळी विचारायचो.
"तंबाखूची चिमट मळंपतोर."
तेवढीच भिंतीला फट.
मग त्यानं डबा असा बडवला
की शेजारचा हाकारी म्हणाला, दौल्या, याड लागलं का?

ही बोटं त्याची असं मी म्हणत नाही.
ऐंशी माणसं असायची, ऐंशी डबे,
फोड सगळ्यांच्याच अंगठ्याला.
सर्जेराव म्हणाला, "कुणाची बी असतील."
पण हलला नाही तिथनं.
मग खिशातनं मोबाइल काढला,
आणि धाकलू झोरे खिडकीबाहेर बघत उभा राहिला
फोटो निघेपर्यंत.

मागं जंगलाची वाट. तोंडाशीच पाटी:
शांतता राखा. आवाज करू नये.
धाकलूनं पायताण काढून काखेत धरलं.
ऐन, किंजळ, हिरडा,
वरनं शेकरूनं अर्धं खाल्लेलं फळ टाकलं,
ते पडल्याचा आवाज आमच्यापेक्षा मोठा.
आज्जा ह्याच डोंगरात बोंबलत चालला असेल,
आम्ही त्याची नातवंडं
खोकलासुद्धा पदरात दाबून.

पाणवठ्याला शेण, अजून वाफ येणारं.
"आत्ताच गेला कळप," धाकलू कुजबुजला,
चिखलात वाकून मोठ्या खुराशेजारचा बारका खूर दाखवला.
दिसलं काहीच नाही.
कारवी तेवढी एका ठिकाणी हलत होती.

जांभळीखाली जेवायला बसलो.
भाजीच्या डब्याचं झाकण नेहमीसारखं घट्ट बसलेलं.
सर्जेरावनं नेहमीसारखाच तो दगडावर आपटायला
हात वर नेला,
आणि तसाच ठेवला.

मग मांडीवर घेऊन
नखानं, कडेकडेनं, झाकण उचकटत बसला.
बराच वेळ लागला.
धाकलूला म्हटलं, बस की रे तूही,
चपात्या चिक्कार आहेत.